फिल्टर स्वच्छ धुतला तरी फिशटँकचं पाणी दुधाळ का झालं?

स्पंज नळाखाली चकाचक धुतला आणि त्याच दिवशी सगळं पाणीही बदललं म्हणता ना, घोळ तिथेच झाला. त्या कळकट दिसणाऱ्या स्पंजमध्येच कामाचे जिवाणू राहतात. मासे सोडतात तो अमोनिया ते आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनने ते मरतात. दुधाळपणा म्हणजे रिकाम्या जागेत माजलेले दुसरेच जिवाणू. त्यासाठी पुन्हा अख्खा टँक उपसू नका.

दोन दिवस खाणं बंद, एअर पंप २४ तास चालू. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर पाव हिस्सा पाणी बदला, अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालूनच. पुढच्या वेळी स्पंज टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळायचा, बस.

आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट ओतू नका, हात पोळतो हो! मी रात्री बादली भरून कूलरसमोर ठेवतो, सकाळी वापरतो. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. पारा ४५ ला टेकला की टेबलफॅन सरळ टँकच्या पाण्यावर रोखतो. पाणी भराभर आटतं, तेवढं रोज भरावं लागतं.