सूट घ्यायचाय? आधी खांदा बघा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी हिंजवडीला आयटीत आहे, वय २६. पुढच्या महिन्यात जर्मनीहून क्लायंट येतायत आणि मॅनेजरने सगळ्यांना सूट घालून यायला सांगितलंय. दादाच्या लग्नात घेतलेला सूट आहे माझ्याकडे, मरून, थोडा चमकतो, कॉलरला काळं सॅटिन आहे. तो चालेल का? नवीन घ्यायचा तर बजेट १५ हजार. रेडीमेड घेऊ की शिवून?
– एक वाचक, वाकड

उत्तर: तो सूट रिसेप्शनसाठी ठेवा, मीटिंगला नको. सॅटिनची कॉलर म्हणजे संध्याकाळच्या समारंभाचा ड्रेस, आणि सकाळी अकराला कॉन्फरन्स रूममध्ये ट्यूबलाइटखाली चमकणारं कापड बसलं की समोरच्याचं लक्ष तुमच्या बोलण्याकडे कमी आणि कोटाकडे जास्त जातं. पहिलाच कामाचा सूट असेल तर नेव्ही ब्लू नाहीतर चारकोल (गडद राखाडी), प्लेन, विषय संपला. काळा शक्यतो नको, तो आपल्याकडे शिवाजीनगर कोर्टाबाहेर रोज दिसतो आणि दिवसाउजेडी जरा जडच वाटतो.

आता रेडीमेड की शिवून, तर महिना हातात आहे म्हणजे दोन्ही जमेल, पण काहीही घ्या, आधी खांदा बघा. बाहीची लांबी कमी होते, कंबर आत घेता येते, पँटची लांबी तर अर्ध्या तासात होते, पण खांदा बदलायचा म्हणजे बाही उसवून कोट जवळजवळ परत बांधायचा आणि बरेच टेलर त्याला हातच लावत नाहीत. दुकानात ट्रायल घेताना भिंतीला बाजूने टेकून उभे रहा, दंडाच्या आधी कोटाचा पॅड भिंतीला लागला तर खांदा मोठा आहे, सरळ काढून ठेवा. मग मानेमागे बघा, शर्टची कॉलर आणि कोटाची कॉलर यात फट नको. हात खाली सोडल्यावर शर्टचा कफ साधारण एक-दीड सेंटीमीटर बाहेर दिसला पाहिजे. आणि सोबत आईबाबा असतील तर ते हमखास म्हणणार की जरा सैल घे, पुढे अंग सुटलं तरी चालेल. प्रेमाने म्हणतात, पण ऐकू नका, सैल कोटात चांगला उभा राहणारा मुलगाही थकलेला दिसतो आणि हे मला खरंच बघवत नाही.

शिवणार असाल तर लक्ष्मी रोडला जाऊन कापड घ्या, ५८ इंच पन्हा असेल तर कोट-पँटला साधारण सव्वातीन मीटर लागतं, उंच असाल तर टेलरला विचारूनच फाडायला सांगा. लोकरीचं नाव काढलं की लोक घाबरतात की पुण्याच्या एप्रिलमध्ये भाजून निघू, पण उलटं आहे, पातळ ट्रॉपिकल वूलमधून हवा खेळते आणि शंभर टक्के पॉलिस्टरमध्ये घाम आतच राहतो. बजेटमध्ये प्युअर वूल बसेलच असं नाही, मग वूल मिक्स घ्या आणि पाठीला अर्धंच अस्तर लावायला सांगा, त्याने फार फरक पडतो. टेलरला दोन गोष्टी आधीच बोलून ठेवा: कच्च्या शिलाईवर एक ट्रायल हवीच, आणि आत दाब (शिलाईतलं जास्तीचं कापड) भरपूर ठेवा म्हणजे दोन वर्षांनी सूट उसवून सैल करता येईल. ट्रायल न देणारा टेलर कितीही घाई करत असला तरी दुसरा शोधा.

या किमतीत पुढचा भाग बहुतेक फ्यूजिंगचा, म्हणजे आतलं बक्रम (आकार धरणारं कडक कापड) चिकटवलेलं असणार, हरकत नाही, फक्त दर वेळी ड्रायक्लीनला टाकू नका. उष्णतेने आणि केमिकलने ते सुटलं की छातीवर फुगे येतात आणि ते परत नीट बसत नाहीत. वापरून झाल्यावर ब्रश मारा आणि हवेवर टांगा. आणि हो, मागच्या कटला फुलीचा टाका असतो तो आणि बाहीवरचं कंपनीचं लेबल घालायच्या आधी काढायचं असतं!

प्रश्न: कोथरूडहून मगरपट्ट्याला स्कूटरने जातो. जुलैच्या पावसात सूट न्यायचा कसा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: कोट घालून गाडी चालवू नका, वर सॅक तर अजिबात नको, पट्टा घासून खांद्याचं कापड झिजतं. कोटाचा एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवा, अस्तर बाहेर येऊ दे, उभी घडी घालून सैल गुंडाळी करा आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकमध्ये ठेवा, ऑफिसला पोचल्या पोचल्या रुंद हँगरला लावा, बारक्या सुरकुत्या बऱ्याचशा आपोआप जातात. राहिल्याच तर इस्त्री थेट फिरवू नका, कापडावर चकाकी येते, मध्ये ओलसर सुती कपडा धरा. बूटही सॅकमधूनच न्या.

भिजलाच तर पंख्याखाली सावलीत वाळू दे, उन्हात नाही, हीटरजवळ नाही. आणि पावसाळ्यात ड्रायक्लीनवाल्याच्या प्लास्टिकमध्ये तसाच कपाटात ठेवलात तर बुरशी धरलीच म्हणून समजा, सुती कव्हर शिवून घ्या.

प्रश्न: यांचं वय ५४, आता प्रमोशन झालंय आणि बोर्ड मीटिंगला सूट लागतो. पोटामुळे बटण लागत नाही म्हणून दोन साइझ मोठा आणला तर खांदे लोंबतायत. काय करू?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर: ताई, तो परत करा, बदलून मिळत असेल तर. पोट असलेल्या माणसाला रेडीमेड जमणं अवघड, त्यांच्यासाठी शिवूनच घ्या, टेलर छाती आणि पोटाची मापं वेगळी घेऊन पुढचा भाग त्याप्रमाणे कापतो आणि खांदा जिथे आहे तिथेच राहतो. पँट पोटाखाली नको, बेंबीच्या जवळपास हवी, पुढे एक-एक प्लीट घालून, आणि बेल्ट घसरत असेल तर गॅलिस (पँट धरणारे खांद्यावरचे पट्टे) लावा, वरून कोट असल्यावर ते दिसतही नाहीत. टायचं टोक बेल्टच्या बकलपर्यंत. दोन बटणांचा कोट शिवा, खालचं बटण कधीच लावायचं नाही, कोट तसाच कापलेला असतो, आणि खुर्चीत बसताना वरचंही काढायचं, उभं राहिलं की लावायचं. ट्रायलला त्यांना खुर्चीत बसवून बघा, मीटिंगचे तीन तास ते बसूनच काढणार आहेत.