‘कॉलबॅक’मधला ‘बॅक’ म्हणजे ‘पुन्हा’ नव्हे

फोंड्याहून एका शिक्षिकेने विचारणा केली आहे. त्या मुलांना मराठीतून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात. त्यांच्या हाती आलेल्या एका टिपणात असे वाक्य आहे: ‘पुनराह्वानासाठी दिलेल्या फलनाचे नाव संगणक द्रुतान्वेषण-सारणीत शोधतो.’ पुनराह्वान म्हणजे कॉलबॅक, फलन म्हणजे फंक्शन (नावाने हाक मारली की चालणारा प्रोग्रामचा तुकडा) आणि द्रुतान्वेषण-सारणी म्हणजे हॅश टेबल (नाव दिले की त्याची नोंद झटकन काढून देणारी सारणी), हे त्यांनी संदर्भाने ताडले. पण हे शब्द बरोबर आहेत का, आणि नसल्यास वर्गात काय म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

‘पुनराह्वान’ हा शब्द मला दोन कारणांनी अमान्य आहे. पहिले कारण उपसर्गाचे. ‘पुनः’ म्हणजे पुन्हा, आणि कॉलबॅकमध्ये पुन्हा काहीच घडत नसते. तिथे हाक उलट दिशेने येते. चवथीआधी चित्रशाळेत गणपती सांगायला गेलेला माणूस ‘मूर्ती रंगवून झाली की या नंबरावर फोन करा’ असे सांगून नंबर देऊन येतो. काम त्याने दिलेले असते, पण फोन येतो तो चित्रशाळेतून. कॉलबॅकचे मर्म ते एवढेच, की आपण दुसऱ्याच्या फंक्शनला हाक मारतो, त्याच वेळी आपले एक फंक्शन त्याच्या हाती देऊन ठेवतो आणि मग त्याच्या सोयीने तो आपल्याला हाक मारतो. या ‘बॅक’साठी मराठीत ‘उलट’ हा शब्द आधीपासून आहे. ‘उलट टपाली कळवावे’ असे आपले आजोबा लिहीत, ते ‘पुन्हा टपालाने’ या अर्थाने नव्हे.

दुसरे कारण ‘आह्वान’ हे. संस्कृतात आह्वान म्हणजे बोलावणे हे खरे, पण मराठीत तोच शब्द ‘आव्हान’ होऊन शड्डू ठोकू लागला, त्यामुळे ‘पुनराह्वान’ ऐकून विद्यार्थ्याला पुन्हा कुस्ती लावल्यासारखे वाटले तर दोष त्याचा नाही. बोलावण्याच्या अर्थी मराठीत उरला तो ‘आवाहन’, जो ‘ह्वे’ (हाक मारणे) या धातूपासून नव्हे तर ‘वह्’ (वाहून नेणे) पासून आलेला, जवळ आणण्याचा शब्द आहे. षोडशोपचार पूजेतला पहिला उपचार आवाहन हाच. म्हणून फंक्शन ‘कॉल’ करण्याला एखाद्याने आवाहन म्हटले तर मला ते आवडेल. पण त्याच्यामागे ‘प्रति’ लावून होणारे ‘प्रत्यावाहन’ कोणाच्याही तोंडी बसणार नाही. वर्गात ‘कॉलबॅक’ म्हणावे, आणि पहिल्यांदा समजावताना ‘उलट हाक’ म्हणावे.

नंबर देणे आणि फोन लावणे यांतला फरक मात्र मुलांना उदाहरणाने दाखवावा, कारण नवशिक्यांची हमखास चूक तिथेच होते. पायथन ३ मध्ये देवनागरी नावे चालतात. समजा, इसवण, बांगडा, तारले अशी ‘मासळी’ नावाची यादी आहे आणि प्रत्येकाचा दर सांगणारे ‘भाव’ नावाचे फंक्शन आहे. दरानुसार क्रम लावण्यासाठी ‘सॉर्टेड’ या पायथनच्या तयार फंक्शनला यादी देताना ‘की’च्या जागी (क्रम कशावरून लावायचा ते तिथे सांगतात) नुसते ‘भाव’ लिहिले, तर फंक्शन हाती दिले जाते आणि ‘सॉर्टेड’ ते प्रत्येक मासळीसाठी एकेकदा बोलावतो. त्याच ‘भाव’पुढे कंस टाकले, तर फंक्शन तिथल्या तिथे चालू लागते, कोणत्या मासळीचा भाव हवा हे त्याला कळत नाही आणि प्रोग्राम अडतो. चित्रशाळेत नंबर देण्याऐवजी तिथूनच स्वतःच्या घरी फोन लावण्यासारखे ते आहे. या उदाहरणात ‘पुढे कधीतरी’ हा भाग नाही हेही लक्षात यावे. उलट हाक काम चालू असतानाच येऊ शकते.

आता ‘द्रुतान्वेषण-सारणी’. सारणीबद्दल तक्रार नाही. आवर्त सारणीमुळे तो शब्द शाळेत रुळलेला आहे. अन्वेषण मात्र नको, कारण हॅश टेबलची सगळी मातब्बरी शोधावे लागत नाही यातच आहे. शब्दकोश अकारविल्हे असतो, म्हणून त्यात पाने मागेपुढे करत आपण शब्द गाठतो, तो शोधच. हॅशची रीत नावरास सांगणाऱ्या भटजींची आहे. लता म्हटले की मेष, अनंत म्हटले तरी मेष. ते पाने चाळत नाहीत, कारण नावाच्या पहिल्या अक्षरावरूनच बारांपैकी कोणते घर ते ठरते. लता आणि अनंत एकाच घरात आले, यालाच हॅशच्या परिभाषेत टक्कर म्हणतात.

पायथनमध्ये हे हिशेबाने दाखवता येते. तिथल्या हॅश टेबलला डिक्शनरी म्हणतात. नव्या डिक्शनरीत आठ खण असतात, शून्य ते सात. नोंदीवरून जो आकडा काढून खण ठरवतात, तो तिचा हॅश. लहान पूर्णांकाचा हॅश तो आकडाच असतो, म्हणून ५ हा पाच क्रमांकाच्या खणात जातो. १३ ला आठाने भागून बाकी पाचच उरते, पण तो खण भरलेला. मग पायथनच्या ठरलेल्या रीतीने पाचाची पाचपट पंचवीस, त्यात एक मिळवून सव्वीस, आठाने भागून बाकी दोन, म्हणून १३ हा दोन क्रमांकाच्या खणात. ‘बांगडा’चा खण मात्र असा सांगता येणार नाही. कोणी मुद्दाम निवडलेली नावे एकाच खणात कोंबून यंत्र जेरीस आणू नये म्हणून पायथन ३.३ पासून अक्षरमालांचे (स्ट्रिंगांचे) हॅश प्रोग्राम चालवाल त्या दर खेपेस वेगळे निघतात. तरीही डिक्शनरी छापल्यावर मासळी घातलेल्या क्रमानेच येते, कारण ३.७ पासून तो क्रम राखण्याची हमी भाषेनेच दिली आहे.

‘हॅश’ला मात्र मराठी शब्द मी सुचवणार नाही. इंग्रजीतला तो शब्द फ्रेंचमधल्या ‘बारीक चिरणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला, कुऱ्हाडीच्या कुळातला. ही युक्ती आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात मांडली. चिरण्यावरून ‘चिरा’ करावा, तर गोव्यात चिरा म्हटल्यावर जांभ्या दगडाचे घरच डोळ्यांपुढे उभे राहते. शिवाय या एकाच वस्तूला प्रोग्रामिंगच्या प्रत्येक भाषेने आपापल्या रुचीने नाव दिले आहे: पर्ल आणि रुबी तिला हॅश म्हणतात, पायथन डिक्शनरी, लुआ टेबल, तर पीएचपी चक्क ॲरे. नाव ठेवण्यात मूळ घरातच एकमत नाही, तिथे आपण एक प्रतिशब्द ठोकून बसवण्याची घाई कशाला? टेबलमधून नोंद काढण्याला ‘लुकअप’ म्हणतात, त्यासाठी ‘पाहणे’ पुरते. पंचांग आपण ‘पाहतो’, शोधत नाही.

राहिला टिपणातल्या वाक्याचा प्रश्न, आणि इथे शब्दाबरोबर अर्थही घसरलेला आहे. पायथनमध्ये ‘भाव’ हे नाव हॅश टेबलमध्ये पाहिले जाते ते फंक्शन हाती देताना, एकदाच. पुढे ‘सॉर्टेड’ नाव विचारत नाही, कारण त्याच्या हातात फंक्शनच असते. पीएचपीत कॉलबॅक म्हणून नुसते नाव अक्षरमालेच्या रूपात देता येते. तेव्हा मात्र ते नाव घेऊन पीएचपी चालवणाऱ्या इंजिनलाच फंक्शनांच्या हॅश टेबलमध्ये पाहावे लागते. टिपणकार बहुधा ही दुसरी गोष्ट सांगत होता. वर्ग पायथनचा असल्यामुळे मी फळ्यावर असे लिहीन: ‘कॉलबॅक देताना फंक्शनचे नाव हॅश टेबलमध्ये एकदा पाहिले जाते, त्यानंतरच्या सगळ्या उलट हाका थेट त्या फंक्शनला जातात.’