आधी नर्सरीवाल्याची वही बघ

प्रिय बाबू,

शाळेची वेबसाइट आणि शेंदुरजनाघाटच्या संत्र्याच्या कलमांच्या नर्सरीचं बुकिंग, दोन्ही जँगोतच, म्हणजे पायथनमधल्या वेबसाइट बांधायच्या सांगाड्यातच, करतो म्हणतोस. नुकतंच शिकलास, हात शिवशिवत असतील.

शाळेचं आधी उरकू. सूचना, फोटो, पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम. वर्डप्रेसवर, म्हणजे तयार वेबसाइटच्या सॉफ्टवेअरवर, टाक आणि मोकळा हो. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, चालतं, आणि तू नसलास तरी कारकून स्वतः सूचना चढवतो. प्लगिन, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, मात्र चार-पाचच्या वर नकोत.

नर्सरीच्या कामात नुसती दाखवायची पानं नाहीत, हिशेब आहे. जंबेरीच्या खुंटावरची कलमं किती, रंगपूर लिंबाच्या खुंटावरची किती, इसार कोणाचा, गाडी कधी येणार. असंच एका अडत्याचं काम मी वर्डप्रेसमध्ये कोंबलं होतं. तिथं कस्टम फील्ड, म्हणजे आपला जादा रकाना, टाकलं की रक्कम असो की तारीख, पोस्टमेटा नावाच्या एकाच टेबलात मजकूर म्हणून जाऊन बसतं. मोठी रक्कम आधी दाखव म्हटलं, तर ९००० वर आणि १२००० खाली! आकडा म्हणून क्रम लावायची सोय असते, हे नंतर कळलं. ते सुधारलं, तर ऐन तुरीच्या हंगामात एका प्लगिनच्या अपडेटनं फॉर्मच बंद पाडला. अडत्याचा फोन: ‘काहून रे, पट्टी काहून निघून नाही राहिली?’ ती रात्र अजून आठवते.

कोणी सांगेल, वूकॉमर्स लाव, वर्डप्रेसवरच दुकान थाटायचं प्लगिन. ठरल्या भावात रोपं विकून मोकळं व्हायचं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. इथं इसार उन्हाळ्यात, माल पावसाळ्यात, आणि निम्मे गिऱ्हाईक मधेच संख्या बदलणार.

म्हणून हे काम जँगोत कर. कलम, शेतकरी, इसार अशी मॉडेलं, म्हणजे ज्याचं त्याचं टेबल आणि रकाने, लिहिलीस की रक्कम रक्कमच राहते. शेवटच्या २०० कलमांवर दोघांनी एकदमच बोट ठेवलं, तर ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा व्यवहार) सिलेक्ट-फॉर-अपडेटनं टेबलातली ती ओळ कुलूप लावून अडवून धर. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर ते कुलूप लागतच नाही, पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस घे. स्क्रीन बनवत बसू नकोस. २००५ साली बाहेर आलेलं जँगो मुळात कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलं. बातमीदारांना घाईत मजकूर भरता यावा म्हणून तयार अ‍ॅडमिन, म्हणजे माहिती भरायचे आयते स्क्रीन, त्यात आहे. नर्सरीवाल्याच्या पोराला तोच दे.

फक्त सर्व्हर तुझ्या अंगावर येतो. उद्या पुण्याला नोकरी लागली तर बॅकअप कोण बघेल? देखभालीचे सालाचे पैसे आत्ताच ठरव. ‘आपलाच पोरगा आहे’ म्हणत फुकटात राबवून घ्यायची रीत आपल्याकडं जुनीच.

आणि कोडला हात लावण्याआधी त्याच्या वहीचे फोटो काढ. कच्चा इसार कुठं लिहितो, रद्द झालेला कसा खोडतो, समासात काय खरडतो. तुझ्या टेबलांचे रकाने त्यानं तिथं आधीच आखून ठेवलेत. फोटो मला पाठव, रविवारी वरुडला येतोच आहे.

तुझा,
काका