वेगवेगळ्या काळातले खेळाडू एकत्र घेऊन बेसबॉलची सिम्युलेशन लीग चालवायची, तर आकडे जुळवायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या दहा-बारा जणांची लीग करायची आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे आकडे घेऊन संगणकावर किंवा फाशांवर सामने खेळवायचे आहेत, १९०१ पासून आजवरचा कुठलाही खेळाडू चालेल, आणि पहिल्याच बैठकीत होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारणाऱ्या बेब रूथवरून जुंपली. जुंपणारच. मित्रांबरोबर अशीच एक लीग मी बरीच वर्षं चालवतोय. कमिशनरचं, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाण्याचं, काम माझ्याकडेच आहे.

ड्राफ्टच्या, म्हणजे आळीपाळीनं खेळाडू निवडण्याच्या, आधी एकच प्रश्न निकालात काढा: तुमची लीग कोणत्या वर्षाच्या पातळीवर खेळणार? बेसबॉलमध्ये सुट्या आकड्याला काही अर्थ नसतो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये दोन लीग आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. १९३० साली अख्ख्या नॅशनल लीगची बॅटिंग सरासरी, म्हणजे दर अ‍ॅट बॅटमागे (फटक्याच्या संधीमागे) हिट, .३०३ होती. १९६८ साली कार्ल यास्ट्रेम्स्की .३०१ वर अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. म्हणजे एका काळातला अव्वल बॅटर दुसऱ्या काळातल्या सरसकट सगळ्यांच्या सरासरीलाही पोचत नाही. यास्ट्रेम्स्की कच्चा होता म्हणून नव्हे, तर १९६८ हे वर्षच पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, लोकांचं होतं म्हणून. त्याच वर्षी पिचर बॉब गिब्सनचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे त्याच्या नावावर लागलेल्या धावा, १.१२ होता. पुढच्या वर्षी माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली आणि ज्यातून गेलेला चेंडू सोडला तरी बॅटरच्या विरुद्ध धरतात तो स्ट्राइक झोनही लहान केला.

मी स्वतः १९८२ ची पातळी धरतो. त्या वर्षी एक संघ दर सामन्याला सव्वाचारच्या आसपास धावा करायचा. होम रन होते पण त्यांचा पूर नव्हता, आणि पळणाऱ्यालाही किंमत होती. रिकी हेंडरसननं त्याच वर्षी १३० बेस चोरले, म्हणजे फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठला. २०१९ ची पातळी धरलीत तर टाय कॉबचे पाय वाया जातात, १९१० ची धरलीत तर बॅरी बाँड्सची बॅट. आउट ऑफ द पार्क बेसबॉल हा संगणकावरचा खेळ वापरणार असाल तर लीगची एकूण पातळी सेटिंगमध्ये वर्ष निवडून लावता येते.

आता रूथकडे येतो. तुमच्यातल्या कोणीतरी नक्की म्हटलं असेल की ‘तो लीगच्या सरासरीच्या किती पट होता ते काढू आणि तेवढ्या पटीनं इथेही देऊ.’ ऐकायला हे न्याय्य वाटतं, पण हिशेब करून बघा. १९२७ साली रूथ ६९१ वेळा प्लेटवर, म्हणजे बॅटिंगला, आला आणि त्यानं ६० होम रन मारले, म्हणजे ८.७ टक्के. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सगळ्यांचे मिळून होम रन ४३९, म्हणजे साधारण ०.९ टक्के. १९८२ ला हेच प्रमाण सुमारे २.१ टक्के होतं. पटीनं गेलात तर रूथचे एका हंगामात १४० च्या आसपास होम रन होतात! पहिली दोन वर्षं लोक हसतील, मग लीग सोडून जातील.

त्याऐवजी फरक घ्या. रूथ आपल्या लीगपेक्षा ७.८ टक्क्यांनी वर होता, ते २.१ मध्ये मिळवा, ९.९ टक्के येतात, म्हणजे ६८ होम रन. हा आकडा पटतो. पट इथे का फसते, तेही बघण्यासारखं आहे. १९२७ ला अमेरिकन लीगमध्ये रूथचे ६०, लू गेरिगचे ४७, आणि तिसऱ्या नंबरवर टोनी लाझेरी, अवघे १८. तिघंही यांकीज या एकाच संघाचे. म्हणजे चेंडू लांब जात होता, मैदानंही आड येत नव्हती. बहुतेकांची बॅट फिरवायची पद्धत अजून जुनीच होती. सरासरी खाली होती ती बाकीच्यांच्या सवयीमुळे, आणि त्या सवयीचं बक्षीस रूथला दुप्पट-तिप्पट करून द्यायचं काही कारण नाही.

फ्रँक बेकरचं उदाहरण वेगळं. ‘होम रन’ बेकर म्हणून प्रसिद्ध असलेला हा गडी १९१३ साली फक्त १२ होम रन मारून लीगमध्ये पहिला होता. तेव्हा चेंडूच मेलेला असायचा. मळका, मऊ पडलेला चेंडू तसाच खेळत ठेवायचे. १९२० च्या ऑगस्टमध्ये डोक्याला चेंडू लागून रे चॅपमन गेला, त्यानंतर स्वच्छ चेंडू वापरण्याबद्दल कडकपणा आला. बेकरला वर आणायला हवंच. फरकाच्या रीतीनं त्याचे विसाच्या थोडे पुढे जातात, पटीच्या रीतीनं साठच्याही वर. माझ्या मते वीस-बावीसचा बेकर खरा.

हीच रीत पिचर-बॅटर सामन्यालाही चालते. समजा बिल टेरी १९३० चा आणि समोर गिब्सन १९६८ चा. टेरी .४०१, लीग .३०३, म्हणून अधिक .०९८. गिब्सनविरुद्ध बॅटर लोकांची सरासरी .१८४, लीगची .२४३, म्हणून उणे .०५९. आपली १९८२ ची पातळी .२६१. बेरीज-वजाबाकी करा, टेरी गिब्सनविरुद्ध बरोबर .३०० मारतो. फाशांवर खेळायच्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये, जो १९६१ पासून चालू आहे, एक फासा १ ते ३ पडला तर निकाल बॅटरच्या कार्डावर बघायचा, ४ ते ६ पडला तर पिचरच्या. तिथेही दोघांचा वाटा असा निम्मा-निम्माच असतो. त्यामुळे संगणक नको असेल तर तो खेळही मिश्र काळाला बरा जमतो.

मात्र स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद होण्याला, फरक लावू नका, तिथे पटच घ्या. जो सेवेल १९२५ च्या अख्ख्या हंगामात फक्त चारदा स्ट्राइकआउट झाला. फरक लावलात तर तुमच्या लीगमध्ये तो चाळीस-पन्नास वेळा होईल, आणि मग सेवेलला घ्यायचं कशाला? शून्याला टेकलेल्या आकड्यांना पट, आभाळाला टेकलेल्यांना फरक, एवढं धरून चाला.

पिचर लोकांच्या इनिंग्ज (तीन आउट म्हणजे एक इनिंग) ही दुसरी डोकेदुखी, आणि नवे लोक तिथेच लुबाडले जातात. एड वॉल्शनं १९०८ साली ४६४ इनिंग्ज टाकल्या. तो मोकळा सोडलात तर ज्याच्याकडे वॉल्श त्याला बाकीचे पिचर नावापुरते लागतील. १९८२ ला नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त टाकणारा स्टीव्ह कार्लटन ३०० च्या जरा आत थांबला होता, म्हणून ३०० ही कमाल मर्यादा. उलट टोकाला डेनिस एकर्स्ली. १९९० साली त्याचा ईआरए ०.६१ होता, पण फक्त ७३ इनिंग्जमध्ये. त्याला तेवढ्याच द्या. पेद्रो मार्टिनेझच्या २००० सालच्या २१७ इनिंग्ज वाढवून देऊ नका. लीगचा ईआरए ४.९१ असताना त्यानं १.७४ दिला, तेवढा माल पुरे.

बॅटरलाही तोच नियम. शेन स्पेन्सरनं १९९८ ला ६७ अ‍ॅट बॅटमध्ये १० होम रन मारले, रूडी पेम्बर्टननं १९९६ ला ४१ अ‍ॅट बॅटमध्ये २१ हिट. कोणीतरी हुशार माणूस शेवटच्या फेरीत यांना उचलून वर्षभर खेळवणारच. प्लेटवर किमान ४०० वेळा आलेलाच हंगाम चालेल असं लिहून ठेवा. एका खेळाडूचा एकच हंगाम, आणि तो एकाच संघात, हेही लिहा. नाहीतर एकाकडे पिचर रूथ, दुसऱ्याकडे बॅटर रूथ. १९१९ चा रूथ घेतला तर दोन्ही मिळतो, पण होम रन २९ च. हा सौदा करणारा माणूस मला आवडतो.

४०० ची अट नीग्रो लीगच्या, म्हणजे वर्णभेदामुळे वेगळ्या लीगमध्ये खेळाव्या लागलेल्या कृष्णवर्णीय, खेळाडूंना मात्र लावू नका. त्यांचे नोंदलेले हंगाम लहान असत, म्हणून त्यांच्या सलग चार-पाच वर्षांची बेरीज घ्या. १९२० ते १९४८ मधल्या त्या लीग्जना मेजर लीगचा दर्जा डिसेंबर २०२० मध्ये मिळाला, आणि २०२४ मध्ये आकडे अधिकृत नोंदीत आल्यावर जॉश गिब्सन कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबच्याही पुढे गेला. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत कृष्णवर्णीयांना मेजर लीगची दारं बंद होती, त्यामुळे रूथ-कॉब या लोकांविरुद्ध लीगमध्ये कधी खेळलेच नाहीत. ते तुमच्या लीगमध्ये होऊ द्या.

‘जुन्या काळचा दर्जाच कमी होता, म्हणून सगळ्या जुन्यांचे मार्क कापा’ असा सूर निघेल. आपल्याकडे ब्रॅडमनवरून निघतो तोच. मी कापत नाही. एकदा कापायला बसलात की किती कापायचं यावर हंगाम संपतो. फिल्डिंगचं रेटिंगही त्या-त्या काळातल्या इतरांच्या तुलनेतच द्या. जुन्या हातमोज्यांच्या चुका मोजत बसू नका.

आकड्यांसाठी लाहमन डेटाबेस फुकट मिळतो, त्यात १८७१ पासूनची हंगामवार नोंद आहे. सगळे बदल एका शीटमध्ये करा आणि ती शीट सगळ्यांना उघडी ठेवा. कमिशनरचा स्वतःचा संघ असेल तर अदलाबदलीला मंजुरी दुसऱ्या कोणाकडे द्या. लाइन-अप देण्याची वेळ ठरवा, चुकली तर जुनीच लाइन-अप खेळेल, गयावया चालणार नाही. आणि ड्राफ्टच्या आधी खेळाडू कसेही वाटून दहा-वीस हंगाम संगणकावर पळवून बघा. लीगच्या धावा सव्वाचारच्या आसपास येतायत का, कोणी शंभर होम रन मारतोय का, कोणाचा ईआरए एकच्या खाली जातोय का. गेलाच तर आत्ताच दुरुस्त करा. एकदा खेळाडू कोणाच्या मालकीचा झाला की त्याचा एक होम रनही तो माणूस कमी करू देणार नाही.