६ वर्षांच्या मुलीला कोडिंग? आधी मांजर चालवू दे

मुलगी ६ वर्षांची आहे, तिला कोडिंग शिकवायचंय म्हणताय तर स्क्रॅचज्युनिअरच घ्या (लहान मुलांचं कोडिंगचं ॲप, ठोकळे जोडून पडद्यावरची मांजर चालवायची), फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि ठोकळ्यांवर नुसती चित्रं असतात त्यामुळे वाचता येत नसलं तरी अडत नाही. पैसे भरून क्लास आत्ता अजिबात नको, आम्ही भरले होते, गेले पाण्यात. पहिल्या दिवशी फक्त हिरवा झेंडा (सुरू करायचा) आणि निळे ठोकळे (मांजर हलवायचे). पडद्यावरच्या चौकटी (ग्रिड) ऑन करा, आडव्या २० असतात, पुढे एक झाड ठेवा आणि "झाडापर्यंत किती घरं?" विचारा, ती बोटाने मोजेल आणि ठोकळ्याखालचा आकडा बदलेल. चुकलं की लगेच सांगू नका हां (मला हे फार उशिरा कळलं), मांजर झाड ओलांडून पुढे गेली की पोरं खिदळतात आणि स्वतःच दुरुस्त करतात. मोठ्या मुलांचं स्क्रॅच ८ वर्षांनंतर बघू.