घर गावाकडच्यासारखं करायचंय? बरण्या नंतर घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही नोकरी करता, फ्लॅट लहान आहे, घरात सहा वर्षांची मुलगी आहे. सगळं तयार आणण्याचा कंटाळा आलाय. पाव घरचा, साबण घरचा, कपडे दुरुस्त करून वापरायचे, चार कुंड्या लावायच्या, असं गावाकडच्या वळणाचं घर हवंय. सुरुवात कुठून करू?

खरेदीपासून करू नका, हे पहिलं सांगते, कारण आम्ही नेमकं तेच केलं होतं. आठ वर्षांपूर्वी हे वेड डोक्यात शिरलं आणि पहिल्याच महिन्यात घरात दोन डझन काचेच्या बरण्या, वेताच्या तीन टोपल्या आणि एक जाडजूड एप्रन आला. फोटो सुरेख यायला लागले. जेवण मात्र पूर्वीच्याच पाकिटांतलं होतं, फक्त पाकीट फोडून बरणीत ओतायचं एक काम वाढलं.

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनं १७८३ साली व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात स्वतःसाठी एक खेडं बांधायला घेतलं. तळं, पाणचक्की, दूधघर, आणि घरं जुनी दिसावीत म्हणून भिंतींवर चक्क भेगा रंगवलेल्या. शेतात राबायला माणसं वेगळी ठेवली होती. आमचं पहिलं वर्ष साधारण असंच गेलं, फक्त राबणारी माणसंही आम्हीच.

दुसऱ्या वर्षी उलटं टोक गाठलं. पाव, साबण, मेणबत्त्या, विणकाम, मुरंबे, सगळं एकदम. तीन महिन्यांत मी इतकी चिडचिडी झाले की नवरा म्हणाला, "हे शांत आयुष्य आपल्याला झेपत नाहीये." त्या रेट्यातून तीनच गोष्टी टिकल्या: पाव, रफू आणि कुंड्यांसाठी खत. का टिकल्या ते नंतर लक्षात आलं. पाव दर आठवड्याला संपतो, मोजे दर महिन्याला फाटतात, ओला कचरा रोज निघतो. घरात आधीपासून ज्याची गरज होती तेच राहिलं. मेणबत्त्या लागतातच किती? तेव्हा तुमच्याकडे दर आठवड्याला काय संपतं ते बघा आणि त्यातली एकच गोष्ट उचला. सहा महिने दुसरीकडे बघू नका.

पाव उचललात तर खमिरापासून सुरू करा. वजनानं सारखं पीठ आणि पाणी कालवायचं, रोज अर्धं काढून तेवढंच नवं पीठ-पाणी घालायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते असं फसफसतं की वाटतं झालंच. ती करामत यीस्टची नसते, सुरुवातीच्या भलत्याच जिवाणूंची असते. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळं थंड पडतं आणि लोक "बिघडलं" म्हणून ओतून देतात. मीही दोनदा ओतलं. खरं तर तेव्हा मिश्रण आंबट होत असतं, ते जिवाणू मरत असतात आणि यीस्टला जागा मिळत असते. आणखी चार-पाच दिवस चारा घालत राहायचं, मग चारा मिळाला की ते दुपटीनं फुगायला लागतं. पुढचं माप सोपं: ५०० ग्रॅम पीठ, ३५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम खमीर, १० ग्रॅम मीठ. घड्याळाकडे बघू नका, पिठाकडे बघा. उकाड्यात जे चार-पाच तासांत फुगतं, त्याला थंडीत रात्र लागते. नोकरी करणाऱ्यांना हे उलट सोयीचं आहे. मळलेलं पीठ फ्रिजमध्ये टाकलं की दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपल्यासाठी थांबतं.

रफू मला सासूबाईंनी शिकवला, तोही माझ्या पहिल्या प्रयत्नाला भरपूर हसून. मोज्याचं भोक मी दोरा ओढून बंद केलं होतं, त्याची अशी गाठ झाली की बुटात टोचायची. त्यांनी मोज्यात एक वाटी पालथी सारली, भोक तिच्यावर सैलसर पसरलं आणि भोकाच्या कडेपासून बोटभर लांब, धडक्या कापडातून टाके घ्यायला सुरुवात केली. एका दिशेनं शेजारी शेजारी उभे दोरे. प्रत्येक वळणावर दोऱ्याचा बारीकसा फासा सैल सोडायचा, कारण धुतल्यावर दोरा आटतो. मग आडवे दोरे, उभ्यातून एक वर एक खाली, पुढच्या ओळीत उलटं. म्हणजे भोक शिवायचं नसतंच, तिथे नवं कापड विणायचं असतं. एका मोज्याला मला पाऊण तास लागतो. पैशाच्या हिशोबात हे बसत नाही आणि मी तो हिशोब मांडतही नाही. फोन बाजूला ठेवून मी बसते अशी आठवड्यातली ती एकच वेळ आहे.

खताचं फार काही नाही. ओल्या कचऱ्यावर दर वेळी वाळका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा, आकारानं कचऱ्याच्या दुप्पट तरी. वास आला तर कोरडं कमी पडलंय. मूठभर घेऊन दाबलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये.

साबणाबद्दल मात्र सावध करते. "रसायनाशिवाय घरचा साबण" असं काही नसतं. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातूनच साबण होतो. ५०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाला साधारण ६४ ग्रॅम सोडा लागतो, तोही त्यातलं थोडं तेल मुद्दाम शिल्लक ठेवून. तेल बदललं की आकडा बदलतो, खोबरेल तेलाला बराच जास्त लागतो, म्हणून अंदाजपंचे चालत नाही. ग्रॅमचा काटा, चष्मा, हातमोजे हवेतच. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. शिवाय वड्या पाडल्यावर चार ते सहा आठवडे वाळवायच्या. सहा वर्षांचं मूल आसपास असताना मी हे करणार नाही, आम्हीही आता वर्षातून एकदाच, आमची लेक घरी नसताना करतो.

भाज्या बरणीत टिकवण्याचंही तसंच. भरपूर आंबट पदार्थ नुसत्या उकळत्या पाण्यात बरणी ठेवून टिकवता येतात. सामू (पीएच) ४.६ च्या वर असलेल्या, म्हणजे कमी आंबट भाज्यांना ते पुरत नाही. बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू १०० अंशांनाही मरत नाहीत, आणि बंद बरणीत हवा नसते, तेच त्यांना मानवतं. त्याचं विष चवीला, वासाला कळेलच असं नाही. इथे "आजी असंच करायची" हा पुरावा धरू नका. भाजी फ्रीझरमध्ये ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते: हे करणार कोण? घरचं म्हणजे बहुतेक घरांत बाईनं केलेलं. दोघांचा उत्साह सारखा असतो, पण पहाटे पीठ बघायला एकच जण उठतं. आमच्याकडे यावरून मोठं भांडण झालं, त्यानंतर वाटणी ठरली. पाव पूर्णपणे नवऱ्याकडे, खमिराच्या चाऱ्यापासून ओव्हन पुसण्यापर्यंत. मी त्यात बोलत नाही. (बोलते, पण कमी.) एखाद्या शनिवारी कंटाळा आला तर तो बेकरीतून आणतो आणि कोणी काही म्हणत नाही.

मुलीला "मदत" म्हणून खोटं काम देऊ नका, मुलांना ते लगेच कळतं. तिच्यावाचून अडेल असं काहीतरी द्या. आमच्या लेकीकडे सहाव्या वर्षी मिठाचं काम होतं, काट्यावर १० ग्रॅम मोजून घालायचं. एकदा ती विसरली आणि आम्ही तिघांनी दोन दिवस अळणी पाव खाल्ला, तिच्यासकट. आता ती तेरा वर्षांची आहे, आणि बाप पिठाला हात लावायच्या आत विचारते, "मीठ घातलंस का?"

आणि बरण्या हव्या असतील तर सांगा, वीस अजून माळ्यावर आहेत.