सुतकात आलेली यादी

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "काकू, आनंद झालाय, पण तो व्हायला नको होता असं वाटतंय." तेव्हा आजूबाजूला माणसं होती, तुलाही मोकळं बोलता येत नव्हतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. मोबाइलवर वाचशील, हरकत नाही, पण एकटी असताना वाच.

एका महिन्यात किती काय घडलं तुझ्या घरात! एमपीएससीच्या संयुक्त गट ब मुख्य परीक्षेचा निकाल लागला आणि दीड गुणाने यादी हुकली. आठवडा उलटत नाही तोच वडिलांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली. ते घरी येऊन जरा टेकतात न टेकतात तोच आजी गेली. आणि सुतकात, घरात चूलसुद्धा नीट पेटत नसताना, जिल्हा परिषदेच्या प्रतीक्षा यादीतून तुझं नाव वर आलं. कनिष्ठ सहाय्यक. परीक्षा देऊन तू ती विसरूनही गेली होतीस. वर कुणी रुजू झालं नाही, जागा रिकामी राहिली आणि यादी खाली सरकली.

आता घरात दोन प्रकारची माणसं भेटतील. एक म्हणतील, "आजीच जाता जाता देऊन गेली बघ." दुसरी म्हणतील, "चला, सगळं भरून निघालं." पहिल्यांना काही बोलू नकोस. तुझ्या आईला त्या वाक्याचा आधार वाटत असेल तर तो तिला असू दे. दुसऱ्यांचं मात्र मनावर घेऊ नकोस. काही भरून निघालेलं नाही. आजी गेली ती गेली. नोकरी लागली ती लागली. या दोन गोष्टी एका वहीत जमा-नावे मांडायच्या नसतात. तू ते मांडायला बसतेस म्हणून आनंद झाला की अपराधी वाटतं आणि रडू आलं की "आता कशाला रडतेस, चांगलं झालं की" असं स्वतःलाच दटावतेस.

हे मी कोरड्या उपदेशाने सांगत नाही. आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि पेन्शन बघणाऱ्या शाखेत, माझी सगळी नोकरी झाली हे तुला माहीत आहे, पण अनुकंपा नियुक्तीच्या फायली माझ्याकडे असायच्या हे बहुधा माहीत नसेल. सेवेत असताना कर्मचारी वारला तर त्याच्या कुटुंबातल्या एकाला गट क किंवा गट ड मध्ये घेतात. ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा, मग ज्येष्ठता यादीत नाव, मग जागा निघेल तशी वाट पाहायची. काहींची वाट वर्षानुवर्षं चालते. आणि मग एक दिवस आदेश निघतो. त्या कागदावर वर नियुक्तीचा विषय असतो आणि खाली संदर्भात "कै." लावलेलं वडिलांचं नाव. आनंदाचा कागद आणि दुःखाचा कागद एकच.

एक मुलगा आठवतो. तेवीस-चोवीसचा असेल. आदेश हातात दिला, रुजू अहवाल लिहायला कोरा कागद दिला. त्याने तारीख घातली, "महोदय" लिहिलं आणि थांबला. आई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, चहा घेऊन ये, घाई नाही, कार्यालय सुटेपर्यंत दिलास तरी आजचीच तारीख लागते. तो म्हणाला, "मॅडम, त्या खोलीत नका बसवू मला, जिथे बाबा बसायचे." एवढीच त्याची मागणी. आम्ही त्याला आवक-जावकला दिलं. पहिला पगार झाला तेव्हा शाखेत सगळ्यांना पेढे वाटत आला. माझ्या टेबलापाशी आल्यावर डोळे भरले, पण पेढ्याचा डबा पुढेच होता. पुढे तो उत्तम काम करायचा. त्याने कधी एकासाठी दुसरं पुसलं नाही, आणि म्हणूनच त्याला दोन्ही झेपलं असं मला मनापासून वाटतं.

तुला दमल्यासारखं का होतंय, तेही सांगते. १९६७ साली अमेरिकेत थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली. कुठल्या घटनेनंतर माणसाला घडी पुन्हा बसवायला किती कष्ट पडतात, याला त्यांनी अंक दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घरातल्या जवळच्या माणसाचा मृत्यू ६३, कुटुंबातल्या कुणाच्या तब्येतीत मोठा बदल ४४. हे आपल्याला कळतं. पण त्याच यादीत लग्न आहे, त्याला ५०. कामाचं स्वरूप बदलणं ३६, मोठं यश २८, राहतं घर बदलणं २०. सुट्टीवर जाण्यालासुद्धा १३ अंक आहेत! ते अंक तिथल्या, त्या काळच्या लोकांचे, तेव्हा त्यांची बेरीज करत बसू नकोस. आपल्याकडे आजीने वाढवलेल्या मुलीला ६३ पुरणारही नाहीत. पण मुद्दा खरा आहे. चांगली बातमीही माणसाची ताकद खाते. नवीन कार्यालय, नवीन गाव, भाड्याची खोली, पहिल्या दिवशीचे कपडे, हे सगळं ज्या ताकदीतून करायचं, त्याच ताकदीतून तू दवाखान्यात रात्री काढल्यास. तेव्हा "बातमी चांगली आली तरी मला उत्साह का नाही" हा प्रश्न स्वतःला विचारू नकोस. उत्साह येईल. तूर्त झोप हवी आहे.

आता कामाचं.

सगळ्यात आधी वडील. परवा दहावा आहे आणि ते क्रियेला स्वतः बसणार म्हणून हटून बसलेत, असं तू म्हणालीस. थोरले आहेत, आई गेली आहे, त्यांचा जीव तुटणारच. पण अँजिओप्लास्टीला अजून महिनाही झालेला नाही. पहाटेचं गार पाणी, अनवाणी नदीची उतरण, उपाशीपोटी दोन-तीन तास, हे त्यांना नको. तू वाद घालू नकोस, मुलीचं ते ऐकणार नाहीत. डॉक्टरांना फोन लावून सरळ त्यांच्या कानाला दे. आणि गुरुजींशी आधीच बोलून ठेव. विधी धाकट्या काकांनी करावा, वडिलांनी शेजारी खुर्चीवर बसून हात लावावा, असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे. आजारी माणसाला अडवणारे गुरुजी मला भेटलेले नाहीत. सकाळच्या गोळ्या मात्र काही झालं तरी चुकवू द्यायच्या नाहीत. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, घातल्यावर रक्त पातळ ठेवण्याच्या ज्या गोळ्या असतात, त्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. पोटात काही नको असेल तर दूध-केळं चालेल का विचार, पण गोळी हवीच. त्या दिवशी ते काम दुसऱ्या कुणावर सोपवू नकोस.

उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झाले ते फार बरं झालं, नाहीतर सोयाबीनचा सगळा पैसा तिथेच गेला असता. पुढच्या तपासणीचं काय काय योजनेत बसतं ते त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घे. डिस्चार्ज कार्डाचे मोबाइलवर फोटो काढून ठेव.

आजीच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची असते. उशीर केला तर विलंब शुल्क आणि वरच्या परवानग्या मागे लागतात. हे काम काकांना सांग, तुला करायची गरज नाही. जमिनीला आजीचं नाव आहे, त्याची वारस नोंद तीन महिन्यांत द्यायची असते. म्हणजे ती या महिन्याची काळजी नाही. कुणी आत्ताच सातबारा काढून बसलं तर "दिवस होऊ द्या" एवढं म्हणून विषय संपव.

तुझं स्वतःचं काम एकच, कागदपत्र पडताळणी. हे मात्र कुणावर सोपवायचं नाही. मूळ कागद गावाकडे पेटीत आहेत म्हणालीस, तर आज रात्रीच ते बाहेर काढ. दहावीची सनद, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी आणि सगळ्या गुणपत्रिका, टंकलेखनाचं प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेयर, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. जाहिरात पुन्हा उघड आणि त्यातल्या यादीशी एकेक ताडून बघ. मी सांगितलेलं सुटू शकतं, जाहिरातीतलं सुटत नाही. नॉन-क्रिमिलेयरवरची मुदत नीट वाच. अर्ज भरताना जे होतं ते आणि आत्ताचं, दोन्ही सोबत ने. झेरॉक्सवर स्वतः सही करून ठेव.

आणि नावं बघ. माझ्या टेबलावर गुणांवरून अडलेले उमेदवार मी क्वचित पाहिले, नावावरून अडलेले पुष्कळ. दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव "बालाजीराव", अधिवासावर नुसतं "बालाजी". एका कागदावर आडनावाची वेलांटी पहिली, दुसऱ्यावर दुसरी. अशा मुलांना दारातून परत पाठवताना माझ्याच पोटात कालवायचं. तुझ्या कागदांत असं काही असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून घे. तहसीलच्या बाहेर अर्ध्या दिवसाचं काम आहे. तारीख तेराव्यानंतर आहे हे नशीब. पण घरातून कुणी "एवढ्यात कुठे बाहेर पडतेस" म्हणालं तर नमस्कार कर आणि बाहेर पड. प्रतीक्षा यादीची मुदत सुतकासाठी थांबत नाही.

राहिला तो निकाल. मला माहीत आहे तू रात्री उत्तरतालिका उघडून बसतेस. दोन गुणांचा प्रश्न, चुकला की अर्धा गुण जातो, म्हणजे तीन प्रश्न सोडून दिले असते तर दीड गुण हातात होते, हा हिशेब तू शंभरदा केला असशील. बरोबरच आहे तो, आणि अभ्यासासाठी उपयोगाचाही आहे, पण वडिलांचं आजारपण आणि आजीचं दहन यांच्या मधोमध बसून करण्यासारखा नाही. ती तालिका दोन महिन्यांनी उघड. तेव्हा त्यातून शिकता येईल. आत्ता ती नुसती जखम उकरते.

तुझी जी मैत्रीण अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसायची, तिचं नाव यादीत आलं. तिचा फोन तू उचलला नाहीस असं ओघात बोलून गेलीस. उचल. "खूप बरं वाटलं, घरात असं असं झालंय, सावकाश बोलू" इतकं पुरेसं आहे. तिच्या यशाने तुला टोचलं तर टोचू दे, त्यात तू वाईट ठरत नाहीस. पण एकाच मेसच्या डब्यातली पोळी अर्धी-अर्धी करून दोन वर्षं काढलेली मैत्रीण न बोलता गमावू नकोस. पुढे परीक्षेच्या या वाटेवर तुझं म्हणणं तिच्याइतकं कुणाला कळणार नाही.

आणखी एक विचार तुझ्या मनात आहे, तो तू बोलली नाहीस तरी मला ऐकू आला. गट ब साठी अभ्यास केला आणि हाती आलं कनिष्ठ सहाय्यक, हे घ्यावं की नाही? घे. मी स्पष्ट सांगते, घे. लहान पद आहे म्हणून ते दुय्यम बक्षीस होत नाही. आस्थापनेच्या टेबलावर एखाद्या म्हाताऱ्या शिक्षिकेचं पेन्शन प्रकरण वेळेत गेलं तर तिचं म्हातारपण सुधारतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्या कामाचा मला आयुष्यभर अभिमान वाटला. शिवाय घरात दरमहा ठरलेली रक्कम येईल, वडिलांच्या गोळ्यांची चिंता जाईल. परीक्षा पुन्हा द्यायचीच असेल तर नोकरीत राहून, कार्यालयाला रीतसर कळवून आणि लागेल तिथे ना हरकत घेऊन देता येते. अनेकांनी दिली आहे. रुजू व्हायला चार दिवस जास्त लागणार असतील तर लेखी मुदतवाढ माग, तोंडी नको, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घे.

रात्री झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, सगळं नकोसं वाटत असेल तर ते लपवू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी, मोफत क्रमांक आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि माझा फोन रात्रीही सुरूच असतो.

पेढ्यांचं विचारलं होतंस. तेराव्यानंतर वाट. पण आज वडिलांच्या शेजारी बसून यादीतलं तुझं नाव त्यांना मोबाइलवर मोठ्या अक्षरात करून दाखव. आईचं दुःख बाजूला ठेवून ते आनंदी होतील अशी अपेक्षा ठेवू नकोस, आणि ते रडले तर फोन काढून घेऊ नकोस. त्यांना पाहू दे हवा तितका वेळ.

कागद जुळवून झाले की सगळ्यांचे फोटो मला पाठव, मी ओळ न् ओळ बघून देते. पडताळणीला येशील तेव्हा आदल्या दिवशी संध्याकाळीच ये, मुक्काम माझ्याकडे. सकाळी दहाला कार्यालयाच्या फाटकापाशी मी तुझ्याबरोबर असेन.

आईला आणि वडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
काकू